परतलेला पंच आणि मुलांचा फुटबॉल

अमेरिकेत सॉकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुटबॉलचा मुलांच्या पातळीवरील डोलारा मुख्यतः शनिवारची सकाळ विनामोबदला मैदानाला देणाऱ्या पालकांनी सावरून धरलेला आहे. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे १९६४ मध्ये अवघ्या नऊ संघांनिशी सुरू झालेल्या अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन, म्हणजेच एवायएसओ, या संस्थेने तर स्वयंसेवेचे हे तत्त्व आपल्या रचनेच्या मुळाशीच ठेवले. या संस्थेच्या स्थानिक शाखेला रीजन म्हणतात. रीजनचा कारभार पाहणारे, प्रशिक्षक, मैदानावर रेषा आखणारे आणि सामन्याचे पंच हे सगळे साधारणपणे खेळणाऱ्या मुलांचेच आईवडील असतात. प्रशिक्षक एखाद्या शनिवारी आला नाही तर दुसरा कोणी पालक वेळ निभावून नेतो, पण पंचावाचून सामनाच उभा राहत नाही, आणि म्हणून पुष्कळ रीजनमध्ये प्रत्येक संघाने आपल्या पालकांतूनच पंच पुरवावेत असा दंडक असतो.

नोकरीच्या निमित्ताने १९९० च्या दशकात आणि त्यानंतर सनीवेल, कूपर्टिनो, फ्रीमाँट या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचा या खेळाशी पहिला संबंध आला तो या दंडकापोटीच. ज्यांचे लहानपण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये गेले, ज्यांनी पंच म्हणजे यष्टीमागे शांत उभा राहणारा गृहस्थ एवढेच पाहिले होते, त्यांनी एका शनिवार-रविवारच्या वर्गात फुटबॉलचे सतरा नियम शिकून घेतले आणि पुढे मुलगा किंवा मुलगी खेळत होती तोवर पिवळा गणवेश घालून मैदानावर धावपळ केली. यात कोल्हापूरकरांचा अपवाद करावा लागेल, कारण शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींचे सामने पाहत जो वाढला त्याला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. मात्र प्रेक्षागृहातून पंचाला दोन शब्द सुनावणे आणि स्वतः शिट्टी तोंडात धरणे यांत महदंतर आहे, हे त्यालाही परदेशातच कळते. मूल अठराव्या वर्षी कॉलेजसाठी घराबाहेर पडले की बहुतेकांची ही सेवा आपोआप संपते. त्यांतले काही जण दहापंधरा वर्षांनी, नोकरीचा ताण ओसरल्यावर किंवा नातवंड मैदानात उतरू लागल्यावर, पुन्हा नाव नोंदवतात. या परतण्यात नेमके काय घडते, जुने काय कामी येते आणि काय निरुपयोगी ठरते, याचा विचार सहसा कोणी करत नाही. पंच मिळाला एवढ्यावरच सगळे समाधान मानतात.

परतणाऱ्याची पहिली गाठ मैदानाशी पडत नाही, कागदपत्रांशी पडते. पूर्वी एक अर्ज भरून सही केली की काम भागत असे. आता पार्श्वभूमीची तपासणी होते, बालसुरक्षेचे ऑनलाइन प्रशिक्षण पुरे करावे लागते, डोक्याला मार लागल्यास काय करायचे याचा स्वतंत्र पाठ घ्यावा लागतो, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून लागू झालेल्या एबी ५०६ या कायद्यानुसार मुलांच्या संस्थांत नियमितपणे काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाला लाइव्ह स्कॅन केंद्रावर जाऊन बोटांचे ठसेही द्यावे लागतात. वर्षभरात ३२ तासांहून अधिक, किंवा महिन्यात १६ तासांहून अधिक, मुलांशी थेट संपर्क येत असेल तर स्वयंसेवक नियमित समजला जातो, आणि दर शनिवारी एक-दोन सामने करणारा पंच हंगामभरात या मर्यादेच्या आसपास सहज पोहोचतो. आयुष्यभर सचोटीने वागलेल्या साठीच्या गृहस्थाला बोटांचे ठसे द्यायला सांगितले की त्याला ते झोंबते, आणि हा राग समजण्याजोगा आहे. तथापि अमेरिकी जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षे मुलींचे केलेले लैंगिक शोषण उघडकीस आल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये संघराज्य पातळीवर सेफ स्पोर्ट कायदा झाला, आणि त्या प्रकरणात शोषण करणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा, विश्वासातला आणि प्रतिष्ठितच होता, हे ध्यानात घेतले तर ‘मला सगळे ओळखतात’ या युक्तिवादात फारसा दम उरत नाही. ज्याला मुलांमध्ये वावरायचे आहे त्याने ठसे द्यावेत. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

नियमांचा भाग वरकरणी सोपा वाटतो, कारण नियम आजही सतराच आहेत. फुटबॉलचे नियम ठरवणारे इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड हे १८८६ मध्ये स्थापन झालेले मंडळ दरवर्षी त्यांत थोडेफार फेरफार करते, आणि जो सतत मैदानावर असतो त्याला ते फेरफार एकेक करून पचवता येतात. जो मध्यंतरी नव्हता त्याच्यापुढे मात्र ते सगळे एकदम येऊन पडतात. २०१६ च्या मोठ्या पुनर्रचनेत सामना सुरू करणारी किक कोणत्याही दिशेने मारण्याची मुभा मिळाली; त्याआधी चेंडू पुढेच जावा लागे, त्यामुळे दोन लहान मुले मध्यबिंदूवर उभी राहून एकमेकांकडे चेंडू ढकलत, ते दृश्य आता दिसत नाही. त्याच वर्षी असेही ठरले की पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोरच्या ज्या चौकटीत बचावपटूने फाऊल केल्यास थेट पेनल्टी दिली जाते तिथे, चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना गोलची स्पष्ट संधी हुकवणाऱ्या खेळाडूला लाल कार्डाऐवजी पिवळे कार्ड दाखवावे. २०१९ मध्ये ड्रॉप बॉलचे रूप पालटले. पंचाने काही कारणाने खेळ थांबवल्यावर चेंडू हातातून खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करणे याला ड्रॉप बॉल म्हणतात; पूर्वी दोन्ही संघांचे खेळाडू त्यावर तुटून पडत आणि नडग्यांचा हिशेब होई, आता तो एकाच संघाच्या एका खेळाडूसमोर सोडला जातो आणि बाकीचे किमान चार मीटर दूर राहतात. हँडबॉलच्या नियमाची मांडणी २०१९ ते २०२१ या काळात इतक्यांदा बदलली की त्या वर्षांत सलग मैदानावर असलेले पंचही गोंधळले होते, तेव्हा मध्यंतरी घरी बसलेल्याने, या एका बाबतीत तरी, स्वतःला भाग्यवान समजावे. गोलरक्षकाने चेंडू हातात धरून ठेवण्याची मर्यादा सहा सेकंदांची होती आणि ती कोणी पाळत नसे. जुलै २०२५ पासून ती आठ सेकंदांची झाली, शेवटची पाच सेकंदे पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची आणि मर्यादा ओलांडली तर प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर किक द्यायची असे ठरले. आधीची शिक्षा, म्हणजे गोलच्या तोंडाशी अप्रत्यक्ष फ्री किक, इतकी कठोर होती की ती देण्याचा धीर पंचाला होत नसे. शिक्षा सौम्य केल्यावर नियम पाळला जाण्याची शक्यता वाढते, हे मंडळाने उशिरा का होईना ओळखले.

हे सगळे वाचून पाठ करता येते. जे वाचून सुधारत नाही ते म्हणजे हाताला आणि ओठांना लागलेले वळण. गोलकिकचे उदाहरण घेता येईल. आक्रमक संघाकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेला की बचाव करणारा संघ आपल्या गोलजवळून जी किक घेतो ती गोलकिक. २०१९ पर्यंत असा नियम होता की हा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर पडेपर्यंत त्याला कोणीही स्पर्श करायचा नाही, आणि कोणी केलाच तर किक पुन्हा घ्यायची. लहान मुलांच्या सामन्यात हे हमखास घडे: आठनऊ वर्षांच्या मुलाची किक चौकटीच्या रेषेपर्यंत जेमतेम पोहोचे, त्याचाच सोबती धावत येऊन तिला पाय लावी, पंच शिट्टी वाजवी, चेंडू परत ठेवला जाई, आणि दुसऱ्यांदाही तेच होई. आता चेंडू मारला आणि स्पष्टपणे हलला की तो खेळात आला. परतलेल्या पंचाला हे ठाऊक असते, चाचणीत त्याने या प्रश्नाचे उत्तर अचूक दिलेले असते. तरीही चौकटीच्या आत उभ्या असलेल्या मुलीने तो चेंडू पायाशी घेतला की त्याचा हात शिट्टीकडे जातो, छातीत हवा भरली जाते, आणि ती हवा तशीच सोडून देणे हे पहिल्या काही सामन्यांतले सर्वांत अवघड काम ठरते. नवशिक्या पंचाला ही अडचण येत नाही, कारण त्याच्यापाशी विसरण्यासारखे काहीच नसते.

मुलांच्या खेळाला त्याशिवाय आणखी काही स्वतंत्र नियम जोडले गेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने, यूएस सॉकरने, २०१७ पासून लहान गटांत कमी खेळाडूंचे सामने बंधनकारक केले: सहा ते आठ वर्षांखालील गटांत चारास चार, नऊ आणि दहा वर्षांखालील गटांत सातास सात, अकरा आणि बारा वर्षांखालील गटांत नवास नऊ. सातास सातच्या मैदानावर मध्यरेषा आणि पेनल्टी क्षेत्र यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक जादा रेषा आखतात, तिला बिल्ड-आउट लाइन म्हणतात. गोलरक्षकाने चेंडू हातात घेतला किंवा गोलकिक घ्यायची असली की प्रतिस्पर्धी मुलांनी या रेषेमागे जायचे, म्हणजे बचाव करणाऱ्या मुलांना आडदांड लाथ मारून चेंडू दूर भिरकावण्याऐवजी शेजारच्या सोबत्याला देऊन खेळ उभा करण्याची उसंत मिळते. या गटात गोलरक्षकाने हातातला चेंडू सोडून पायाने उडवायचा नाही, आणि ऑफसाइडही या रेषेपासून गोलरेषेपर्यंतच्या पट्ट्यातच धरायचा. जुन्या पंचाच्या डोळ्यांना ऑफसाइडसाठी मध्यरेषा पाहण्याची सवय असते, त्यामुळे मैदानावरची ही आगंतुक रेषा त्याला सुरुवातीला शत्रूसारखी वाटते. अर्धा हंगाम गेला की मात्र तिच्यामुळे मुले खरोखर पास देऊ लागली आहेत हे त्याला कबूल करावे लागते.

डोक्याने चेंडू मारण्यावरील बंदी हा याहून गंभीर विषय आहे. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांबाबत पुरेशी काळजी घेतली जात नाही म्हणून पालकांनी आणि खेळाडूंनी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा लावला, त्याच्या तडजोडीतून नोव्हेंबर २०१५ मध्ये यूएस सॉकरने नवे धोरण जाहीर केले, आणि त्यानुसार अकरा वर्षांखालील व त्याहून लहान गटांत हेतुपुरस्सर हेडर मारल्यास प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक दिली जाते. कॅलिफोर्नियात २०१७ पासून कायद्यानेच असे ठरले आहे की मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला तरी मुलाला त्या दिवसापुरते खेळातून काढायचे आणि वैद्यकीय परवानगीखेरीज परत घ्यायचे नाही. पूर्वी ‘काही झालं नाही, ऊठ’ असे म्हणत पाठीवर थाप मारणारा प्रशिक्षक कौतुकाचा विषय होता, आणि त्या काळातला पंचही मूल उभे राहिले की खेळ चालू करत असे. परतलेल्या माणसाने मैदानावरची जी एक जुनी खूण पार पुसून टाकली पाहिजे ती ही.

जे बदललेले नाही तेही पुष्कळ आहे आणि त्याचा आधार मोठा वाटतो. सामन्याआधी गोलची चौकट जमिनीला पक्की बांधलेली आहे की वाळूच्या पिशव्यांनी दाबलेली आहे हे हाताने हलवून पाहायचे, कारण सुटी चौकट अंगावर कोसळून मुले दगावल्याच्या घटना या देशात घडलेल्या आहेत. मग दोन्ही संघांना ओळीत उभे करून मोजे नडगीच्या पॅडवर ओढलेले आहेत का ते बघायचे, आणि कानातले काढायला सांगायचे, त्यावर ‘आजच टोचलेत, काढले तर बुजतील’ हे उत्तर ऐकायचे आणि तरीही ते काढायला लावायचे. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना तरी खेळायला मिळालाच पाहिजे, हे एवायएसओचे आद्य तत्त्व. त्यासाठी पंचाच्या खिशात दोन्ही संघांची खेळाडूंच्या नावांची कार्डे असतात, प्रत्येक डावाच्या मध्यावर खेळ थांबवून बदली खेळाडू घेतले जातात आणि कोण बाहेर बसले याची खूण पंच त्या कार्डावर करतो. क्रिकेटच्या किंवा व्यावसायिक फुटबॉलच्या पंचाला असले काम करावे लागत नाही. संघ हरत असताना सर्वांत कच्च्या खेळाडूला प्रशिक्षक सलग बाहेर ठेवतो आहे हे त्या कार्डावरच्या दोन फुल्यांवरून पंचाच्या लक्षात येते, आणि तेव्हा प्रशिक्षकाजवळ जाऊन हलक्या आवाजात केलेली आठवण ही त्या सकाळी त्याने दिलेल्या कोणत्याही पेनल्टीपेक्षा मोलाची असते.

शरीराविषयी फार लिहिण्याची गरज नाही; ते पूर्वीसारखे धावत नाही. मुख्य पंचाने मैदानाच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या दिशेच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे जात-येत राहायचे आणि उरलेल्या दोन बाजू सहायक पंचांनी सांभाळायच्या, ही इंग्लंडच्या स्टॅन्ली राउस यांनी रूढ केलेली कर्णपद्धती अनुभवी माणसाला थोडी मदत करते, कारण चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखले की चार पावले वाचतात. परंतु ही वाचवलेली पावले मोठ्या मुलांच्या सामन्यातच मिळतात. नऊ वर्षांच्या मुलांचा घोळका चेंडूभोवती कसा सरकेल हे कोणालाच सांगता येत नाही, तिथे अनुभव बाजूला ठेवून धावावेच लागते.

मैदानाच्या कडेची स्थिती मात्र बिघडली आहे. अमेरिकेतील शालेय क्रीडासंघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या म्हणण्यानुसार २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सर्व खेळ मिळून सुमारे ५०,००० जणांनी शालेय पंचगिरी सोडली. त्यात साथीच्या काळाचा वाटा होता, पण पालकांचे आणि प्रशिक्षकांचे वागणे हे कारण सोडून जाणारे पुन्हापुन्हा सांगतात. यूएस सॉकरने मार्च २०२५ पासून पंचांच्या छळाविरुद्ध देशभर एकच धोरण लागू केले आणि शिवीगाळीपासून मारहाणीपर्यंतच्या प्रकारांना किमान निलंबने ठरवून दिली. धोरण चांगले आहे; परंतु ते घटना घडून गेल्यावर, अहवाल लिहिला गेल्यावर आणि समिती बसल्यावर कामाला येते. शनिवारी सकाळी दहा वाजता, तेराव्या-चौदाव्या वर्षी नुकतेच प्रमाणपत्र मिळवलेली मुलगी बाजूच्या रेषेवर निशाण घेऊन उभी असते, तिने थ्रो-इन एका बाजूला दाखवलेला असतो, आणि तिच्या बापाच्या वयाचा प्रशिक्षक तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून ‘डोळे उघडे ठेव’ असे ओरडतो. ती उत्तर देत नाही, निशाणाची काठी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरते, आणि पुढचा थ्रो-इन दाखवण्याआधी त्या प्रशिक्षकाकडे पाहते. त्या नजरेनंतर तिचा निर्णय तिचा राहिलेला नसतो, आणि असे तीनचार शनिवार गेले की पुढच्या हंगामात ती नाव नोंदवत नाही.

परतलेल्या पंचाचा खरा उपयोग इथे आहे. त्याचे पाय मंदावले असले तरी त्याने असे प्रशिक्षक आधी पाहिलेले असतात, त्यांचा आवाज ऐकून त्याची छाती धडधडत नाही, आणि आधी विनंती, मग ताकीद, मग बाहेरचा रस्ता ही अमेरिकेत पंचांना शिकवली जाणारी तीन पायऱ्यांची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असते. अशा सामन्यात त्याने मध्ये धावण्याऐवजी त्या मुलीच्या मागे, रेषेपासून थोडे दूर, मार्गदर्शक म्हणून उभे राहावे; नुसत्या उभे राहण्यानेच कडेचा आवाज निम्म्याने उतरतो. मात्र मार्गदर्शकाने तिचा निर्णय फिरवायचा नाही, खेळ चालू असताना सूचना द्यायच्या नाहीत, आणि मध्यंतरात दहा गोष्टी सांगायच्या नाहीत. एकच सांगावी, तीही ‘निशाण दाखवलंस की प्रशिक्षकाकडे बघू नकोस, चेंडूकडे बघ’ अशी लगेच वापरता येईल अशी. हे बोलणे सर्वांच्या देखत, मैदानाच्या कडेलाच झाले पाहिजे आणि नंतर काही लिहून कळवायचे असेल तर त्या पत्रात मुलीच्या पालकांनाही घेतले पाहिजे, कारण प्रौढाने अल्पवयीन मुलाशी एकांतात किंवा खासगी संदेशांतून व्यवहार करू नये हा सेफ स्पोर्टचा नियम आहे. ठसे देताना ज्याला अपमान वाटला होता त्याला या नियमाचा उपयोग इथे पटतो: नियम स्पष्ट असल्यामुळे त्याला निर्धास्तपणे शिकवता येते आणि तिच्या घरच्यांनाही शंका उरत नाही.

पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना मांडणारे इंग्लंडचे केन ॲस्टन पेशाने शाळामास्तर होते, १९६२ च्या विश्वचषकातील चिली-इटली हा बदनाम सामना त्यांनीच सांभाळला होता, आणि उतारवयात त्यांनी एवायएसओच्या स्वयंसेवक पंचांना शिकवण्यात वर्षे घालवली. त्यांच्या या शेवटच्या कामाची चर्चा कार्डांच्या मानाने फारच कमी होते, आणि रीजनच्या पातळीवरही तीच उपेक्षा चालते: परत आलेल्या अनुभवी माणसाला कॅलेंडरमधली रिकामी जागा भरण्यासाठी सकाळी दोन आणि दुपारी एक सामना दिला जातो, तो दोन महिन्यांत गुडघा धरून घरी बसतो, आणि ज्या मुलीला त्याची गरज होती तीही त्याच सुमारास निशाण परत करते. पंचांच्या नेमणुका करणाऱ्यांनी पहिल्या हंगामात अशा माणसाला एक सामना धावायला आणि एक सामना उभे राहायला द्यावा.

जे मराठी वाचक या देशात राहतात आणि ज्यांनी एके काळी हे काम केले आहे, त्यांनी आपल्या रीजनला आपण होऊन हेच सांगावे. मागितल्याखेरीज अशी नेमणूक मिळत नाही. शरद हंगामाचे सामने ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होतात, आणि ठसे, तपासणी व ऑनलाइन पाठ यांना काही आठवडे लागू शकतात, तेव्हा अर्ज जूनमध्येच गेलेला बरा.